लाभ, दोन, तीन

केडगाव, नगर
२१ जानेवारी २०२५

सौ. चांगुणा हिस,

छगननं तुझा निरोप दिला. "दाजी, अक्का म्हणती फोन करू नका. फोनवर तुमी बोलतच सुटता, समोरच्याला हूं म्हणायला पन जागा ठिवत न्हाई. काय सांगायचं ते लिवून धाडा." बरं. लिहितो. पोस्टात पाकिटं घ्यायला गेलो तर खिडकीतली मुलगी म्हणाली, काका, हल्ली कुणाला लिहिता हो? म्हटलं, बायकोला. ती हसली. मी काही हसलो नाही.

आता मुद्द्याचं. बारा तारखेच्या रविवारी तू चांदबीबी महालावर मागं राहिलीस, त्यात माझा दोष किती, भिमाजीचा किती आणि तुझा किती, हे एकदा शांतपणे बघू. तू तापलेली असशील म्हणून मी शांत आहे.

सव्वीस वर्षं मी लोकांना नगर दाखवतोय. आजपर्यंत माझ्या गाडीतलं एक माणूस हरवलं नाही. मुंडकी मोजल्याशिवाय मी गाडी हलवू देत नाही, हे तुला माहीत आहे. त्या दिवशीही मोजली. बारा म्हणजे बारा होती. मागचं दार भिमाजीनं लावलं. मागं कोण आहे, कोण नाही हे बघायचं काम ड्रायव्हरचं. आणि तू तरी जेवणाच्या डब्यांपाशी का नव्हतीस? दर रविवारी महालावर गाडीच्या सावलीला डब्यांजवळ बसतेस, त्याच दिवशी कुठं गेलीस? दहा-पंधरा मिनिटांत माझ्या ध्यानात आलं. लगेच गाडी फिरवली. वर येऊन बघतो तर तू नाहीस. पहारेकरी म्हणाला, बाई मोटारसायकलवाल्या जोडप्याला हात करून खाली गेल्या. तारकपूर स्टँडला पोचलो तोवर तुझ्या माहेराकडची, अकोले तालुक्याची एसटी निघून गेली होती. जरा थांबली असतीस तर काय बिघडलं असतं?

माणसाकडून चूक होते. त्यासाठी कुणी एकतीस वर्षांचा संसार टाकून भावाकडं जाऊन बसतं का? गल्लीत विचारतात, वहिनी दिसत नाहीत. मी सांगतो, भावाकडं भाताची कामं आहेत. आता जानेवारीत कसली आली भाताची कामं, पण नगरच्या लोकांना भातातलं काय कळतंय.

ये आता. रविवारी पुण्याचा ग्रुप आहे.

काकासाहेब


४ फेब्रुवारी २०२५

चांगुणा,

तुझं उत्तर नाही. छगनला फोन केला तर म्हणतो, "अक्कानं पत्र वाचलं. दोनदा वाचलं. मंग चुलीपाशी ठिवलं." चुलीपाशी म्हणजे जाळायला की जपायला, ते काही त्यानं सांगितलं नाही.

पुण्याचा ग्रुप आला होता. त्यात एक गृहस्थ, पांढऱ्या दाढीचे, गाडीत बसल्या बसल्या म्हणाले, नगरात बघण्यासारखं आहे तरी काय? शिर्डीला जाताना लागतं तेवढंच. अस्सं? म्हटलं, साहेब, संध्याकाळी हाच प्रश्न मला परत विचारा. मग जी सुरुवात केली! माळीवाड्याच्या विशाल गणपतीपुढं उभं केलं, मान वर करून करून त्यांची टोपी पडली. आधार कार्डं दाखवून भुईकोट किल्ल्यात नेलं, खंदक दाखवला, स्वातंत्र्याच्या लढाईतले पुढारी जिथं कोंडले होते त्या खोल्या दाखवल्या. दमडी मशिदीच्या दगडातली नक्षी दाखवली, तेव्हा त्यांची बायको म्हणाली, अहो, माझ्या पैठणीच्या पदरावरसुद्धा इतकं बारीक काम नाही. रणगाडा संग्रहालयात तर गृहस्थ लहान मुलासारखे एकेका रणगाड्याला हात लावत फिरले. नंतर फराहबागेत जेवायला बसवलं. संध्याकाळी स्वतःहून म्हणाले, काकासाहेब, मी शब्द मागं घेतो. मी तर म्हणतो, बोर्डावर अहिल्यानगर लिहा, कागदावर काही लिहा, तोंडात नगरच येणार आणि नगर बघायचं तर आपल्याबरोबरच बघायचं, हे मी छातीवर हात ठेवून सांगतो.

जेवण मात्र फसलं. पिठल्यात गुठळ्या झाल्या. भाकरी समोरच्या बोळातल्या खानावळीतून आणल्या, त्या वातड. दाढीवाल्यांच्या बायकोनं विचारलं, मागच्या वर्षी आमच्या बहिणीला वाढलं होतं त्या ताई कुठं आहेत? तिनं त्यांच्या ठेच्याचं फार कौतुक केलं होतं. म्हटलं, भाताची कामं आहेत.

आता एक खरं लिहितो. मागच्या पत्रात भिमाजीवर ढकललं, ते त्याला दाखवलं नाही, पण त्याला वास लागला. तो म्हणाला, "मालक, मोजनी तुमची. दार माझं. मोजनी हुतीच बराबर, मंग दार लावू नको तं काय करू?"

रात्रभर तेच डोक्यात बसलं. मोजणी बरोबरच होती गं. तुला माहीत आहे मी कसा मोजतो. खळ्यावर धान्य मोजताना आमचे अण्णा पहिल्या मापाला एक म्हणत नसत, लाभ म्हणत. लाभ, दोन, तीन. तीच सवय मला लागली. प्रत्येकाच्या सीटच्या पाठीवर बोट टेकवायचं आणि म्हणायचं, लाभ, दोन, तीन. त्या दिवशी बाराव्या सीटवर बोट टेकवलं आणि म्हटलं, चलो. बारा सीटा, बारा माणसं. तू कुठल्या सीटवर असतेस? तू तर मागं डब्यांशेजारी पाट टाकून बसतेस. त्या पाटावर माझं बोट कधी गेलंच नाही. घरच्या माणसाला काय मोजायचं, असं वाटायचं. गाडीतलं एक माणूस हरवलं नाही असं मी लिहिलं, तेही बरोबरच होतं, कारण गाडीतल्या माणसांत तू धरलेलीच नव्हतीस.

हे लिहिलं आणि हात थांबला. पण छगन म्हणाला होता, लिवून धाडा. म्हणून धाडतो.

काकासाहेब


१९ फेब्रुवारी २०२५

चांगुणा,

छगन काय म्हणाला ते कळलं. धरणाच्या कडेला त्यानं तंबू टाकलेत, मुंबईची पोरं येतात, तू त्यांना भात आणि कुळथाचं कढण करून घालतेस, आणि जूनमध्ये काजव्यांचा सीझन होईपर्यंत अक्का इथंच राहील, असं तो म्हणतो. राहू दे म्हणे. त्याला सांग, दाजी असा सीझनवर बायको सोडणारा माणूस नाही. नाहीतर सांगू नको. मी काय सांगणार, मीच तुला सोडून आलो.

आज भिमाजी आजारी होता म्हणून गाडी बंद. दिवसभर घरात एकटा. तुळशीला पाणी घातलं. तुझ्या डब्यांचा गठ्ठा तसाच मोरीपाशी पडला होता, तो घासायला घेतला. सगळ्यात खालचा मोठा डबा उघडला तर आत कोरडी चटणी तशीच होती, त्या दिवसाची. तू केलेली. आणि मग मला सगळं आठवलं. आठवत नव्हतं असं नाही, पण मी आठवू देत नव्हतो.

तू मला सांगितलं होतंस.

मी बाहेर लोकांना सांगत होतो की नाव चांदबीबीचं असलं तरी ही कबर सलाबतखानाची, आणि हा आठ बाजूंचा मनोरा कसा बांधला. तू आलीस. पदराला हात पुसत आलीस. म्हणालीस, "अहो, एवढ्या वर्साची येते मी हितं, एकदा बी वर चढले न्हाई. आज जाऊन येऊ का?" मी म्हटलं, हो हो. तुझ्याकडं न बघताच म्हटलं, कारण समोरच्या माणसानं विचारलं होतं की दगड कुठून आणला. आणि मला उत्तर येत होतं.

म्हणजे मला माहीत होतं की तू वर गेली आहेस. माहीत असून मी बारा मोजले आणि चलो म्हटलं. कारण तुझं जाणं माझ्या डोक्यात शिरलंच नाही. चांगुणा काय, खालीच असणार. अजून एक. दहा-पंधरा मिनिटांत ध्यानात आलं, असं लिहिलं होतं मी. साफ खोटं. भिंगारातून गेलो, ध्यानात आलं नाही. रणगाड्यांपाशी तास-सव्वा तास घालवला, ध्यानात आलं नाही. फराहबागेत लोकांना पाण्यातल्या राजवाड्याची गोष्ट सांगितली, सतरंजी अंथरली आणि म्हटलं, वाढ गं. तेव्हा आलं. पावणेएक झाला होता. तू नाहीस हे मला तेव्हा कळलं, जेव्हा मला भूक लागली.

हे मी कुणाला सांगितलेलं नाही. भिमाजीलाही नाही. पण त्यानं ऐकलं होतं, वाढ गं. त्यानं नुसतं माझ्याकडं बघितलं होतं.

एकतीस वर्षं नगरात राहतेस. सव्वीस वर्षं त्या गाडीत फिरतेस. आणि तू काय बघितलंस? डबे बघितलेस. विशाल गणपतीला गाडीतनं हात जोडलेस. किल्ल्यात कधी आलीच नाहीस, कारण डब्यांपाशी कुणीतरी हवं. मी अख्ख्या दुनियेला नगर दाखवलं आणि तुला खाली बसवलं. लाज वाटते मला. हे आता लिहून टाकलं.

काकासाहेब


३ मार्च २०२५

चांगुणा,

उत्तर नसलं तरी मी लिहिणार. आता सवय झाली. तू म्हणायचीस ते खरं आहे, लिहिताना माणसाला थांबावं लागतं.

रडगाणं पुरे. आता कामाचं बोलतो. तुझ्या नावानं मी एक रविवार ठरवलाय. कुठला ते तू सांग. त्या दिवशी गाडीत कुणीही नसेल, तू, मी आणि भिमाजी. डबा नाही. डब्यांजवळ बसायचं नाही. पाट मी गाडीतून काढून टाकलाय, परसात ठेवलाय, मांजर त्यावर झोपतं.

सकाळी सातला विशाल गणपती. गाडीतनं नाही, आत जाऊन, मनाला येईल तितका वेळ. मग किल्ला. आधार कार्ड लागेल, ते घेऊन ये. खंदकाच्या कडेनं चालू. मग बागरोजा, तिथं कुणी जात नाही, तिथली चिंच मला आवडते, तुलाही आवडेल. कापडबाजारात तुला काय बघायचं ते बघ, मी दुकानाबाहेर उभा राहून घड्याळ बघणार नाही. संग्रहालयात रणगाड्यावर चढायला परवानगी नाही, पण तू विचारलंस तर तिथला सुभेदार हसेल तरी. आणि फराहबागेत जेवण. ते मी करून आणणार. पिठलं आता जमतं. आधी पीठ पाण्यात कालवून मग फोडणीत सोडायचं, हे शेजारच्या आरतीवहिनींनी शिकवलं. तू एकतीस वर्षांत का नाही सांगितलंस? विचारलं नाही म्हणून, हे माहीत आहे.

आणि शेवटी महाल. संध्याकाळी. वर चढायचं.

आणखी एक बदल केलाय, तो सांगतो. बारा सीटांच्या गाडीत मी आता अकरा गिऱ्हाईकं घेतो. दाराजवळची पहिली खिडकी मोकळी ठेवतो. लोक विचारतात, तिथं बसू का? मी म्हणतो, बसू नका, माणूस यायचंय. भिमाजी म्हणतो, "मालक, लई उशिरा शानपन आलं." त्याला दम दिला. पण खरं तेच आहे.

काकासाहेब


१७ मार्च २०२५

चांगुणा,

हे काय केलंस? की छगननं केलं? काल अकरा बायका आल्या. बचत गटाच्या. फोनवर बुकिंग करताना कुठल्या ते बोलल्या नाहीत. गाडीत बसल्या, एकीनं तोंड उघडलं आणि मी ओळखलं, ह्या अकोल्याकडच्या. म्हटलं, कुठून आलात? ती म्हातारी, भीमाबाई, कपाळावर गोंदलेली, म्हणाली, "धरनाकडनं. तुमाला काय करायचं? तुमी दावा काय दावायचं ते." सगळ्या तोंडाला पदर लावून हसल्या. म्हटलं, आली परीक्षा.

मी मोजणीला उभा राहिलो. दाराजवळच्या मोकळ्या सीटच्या पाठीवर बोट टेकवलं आणि म्हटलं, चांगुणा. मग दोन, तीन, चार. बारावर आलो. भीमाबाई म्हणाली, "ओ गाईड, आमी अकराच हाव. तुमाला मोजता येत न्हाई का?" म्हटलं, मावशी, तुम्ही अकराच आहात. पहिली यायची आहे. तिनं माझ्याकडं बघितलं. मग खिडकीबाहेर बघत म्हणाली, "बरं हाय. हाका गाडी."

मी खरं सांगतो, हे त्यांना दाखवायला केलं नाही. महिना होत आला, रोज असंच मोजतो. भिमाजीला विचार. अण्णांनी पहिल्या मापाला लाभ म्हणायला शिकवलं, आणि मी ते नाव कुणाकुणाला देत बसलो.

त्या बायकांना सगळं दाखवलं. इतकं बोललो की घसा बसला. त्या ऐकत होत्या आणि मधनंच एकमेकींकडं बघत होत्या. महालावर त्या म्हणाल्या, चला वर. माझे गुडघे तुला माहीत आहेत. कित्येक वर्षं मी वर गेलेलो नाही, खाली उभा राहूनच सांगतो. भीमाबाई म्हणाली, "मी सत्तरीची बाई चढते, अन् तुमी खाली?" चढलो. भिंतीतला तो अंधारा जिना, एक हात दगडावर ठेवून. वरच्या कमानीत गेलो आणि बाहेर बघितलं.

सगळं नगर दिसतं गं. किल्ल्याच्या झाडांचा हिरवा गोल, भिंगार, त्यापलीकडं केडगाव, आपल्या पाण्याच्या टाकीपर्यंत. मी बोलायला तोंड उघडलं, एकदम गप्प झालो. भीमाबाई म्हणाली, "काय झालं? संपलं का ज्ञान?"

कारण खाली बघितलं. आपली गाडी अगदी पायाशी उभी होती. भिमाजी काच पुसत होता, त्याचं टक्कल दिसत होतं. हाक मारली तर ऐकू गेली असती. मी मारलीही. त्यानं लगेच वर बघितलं.

म्हणजे तू सगळं बघितलंस. लोक बसताना बघितलेस, मला मोजताना बघितलंस, दार लागताना बघितलंस. गाडी घाटाच्या वळणावरून उतरताना बघितली असशील.

मग तू हाक का मारली नाहीस? हे एवढं सांग. बाकी काही नको. मला सगळं येतं, सव्वीस वर्षं सगळ्या प्रश्नांची उत्तरं दिली, पण ह्याचं येत नाही.

काकासाहेब


धरनाकडनं
२४ मार्च

आवो काकासाहेब,

पयल्यांदा नाव लिवलं तुमचं. लिवताना हसू आलं. कागदावर चालतंय, कारन तुमी लई लांब हायसा.

सगळी पत्रं मिळाली. चुलीपाशी ठिवली ती जाळायला न्हाई, तिथं दमट हुत न्हाई म्हनून. भीमाबाईनं सगळं सांगितलं. ती म्हनली, तुजा नवरा बोलतो लई, पन वर चढल्याव गप झाला. मला तेवढं पुरं झालं.

तुमी इचारलं, हाक का मारली न्हाई. सांगते. मी वर गेले, वारं लागलं, अन् एवढं मोटं गाव बगून मला रडूच आलं. मनात आलं, ह्ये सगळं माज्या पाठीमागं हुतं आन् मी डबे बगत बसले. मग खाली बगितलं तं तुमी मोजीत हुता. तोंडात हाक आली हुती. पन म्हनलं थांब, बगू यांच्या ध्यानात येतं का. दार लागलं. म्हनलं, घाटात ध्यानात येईल. गाडी घाट उतरली. म्हनलं, भिंगारात येईल. भिंगारापोत्तर पांढरी गाडी दिसत हुती. थांबली न्हाई. मी तासभर बसले तिथं. एक पोरगी आली, म्हनली आजी, तुमचे लोक कुटं हायेत? मला सांगता येईना. त्याचा राग हुता. मागं ऱ्हायल्याचा न्हाई.

तुमी खोटं लिवलं, अन् मंग सोता खोडलं. मी वाट बगत हुते की खोडताय का न्हाई. वाढ गं म्हनाला हुता, ते भिमाजीनं छगनला कवाच सांगितलं हुतं.

हितं मला बरं वाटतं. पोरं इचारतात, मावशी, त्यो डोंगर कंचा, हे फूल कंचं, अन् मी सांगते. लोक ऐकतात. आता मलाबी कळलं तुमाला बोलायची एवढी हौस का हाय. काजव्यांच्या टायमाला मी परत येनार हाय हितं, पंधरा दीस. ते आदीच सांगून ठिवते, नंतर तोंड वाकडं करू नका.

पाडव्याला रविवार हाय. गुढी तुमी उभारा, कडुनिंब खावा, पिठलं करा अन् डब्यात भरा. मला तारकपूरला घ्यायला येऊ नका. छगन मला जीपनं थेट महालाव सोडनार हाय. तुमी भिमाजीला घेऊन दहा वाजता या. मी वर आसन. तुमी खाली उभं ऱ्हावून मोजा. पयलं नाव घेतलं की वर बगा.

त्या दिशी मी हाक मारली न्हाई. ह्या टायमाला मारीन.

चांगुणा